वाटीला दोन चाकं

३ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तू सुखरूप पोचलीस हे तुझ्या शेजारणीने तेव्हाच फोन करून कळवलं होतं, पण कामाच्या गडबडीत पत्र राहून गेलं. बरं वाटलं. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी घसा फोडायचा, तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि सगळ्या गल्लीने ऐकायचं. त्यापेक्षा आपली पत्रंच बरी. कानाचं नवं यंत्र नीट बसलं का? डॉक्टर म्हणाले होते की सुरुवातीला ते शिट्टी मारेल. मारली तर वैतागून काढून ठेवू नकोस.

इकडे सगळं ठीक. हिचा खोकला कमी आहे. शाळेला रंग लावणं चाललंय, आणि आमचा शिपाई ओल्या भिंतीला टेकून उभा राहिल्यामुळे अर्धा पिवळा झालाय. तुझी चष्म्याची डबी माझ्या अभ्यासाच्या खोलीत राहिली. कुणी तिकडे येणारं भेटलं की पाठवतो.

परीक्षा होऊन गेली म्हणून आता सांगतो. सगळ्या शाळांची मिळून जी शिष्यवृत्तीची परीक्षा असते, तिचा इंग्रजीचा पेपर यंदा मी काढला होता. समितीचा नियम कडक, म्हणून घरात हिलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. तुझ्या क्लासची अकरा मुलं बसली होती ना? त्यांना कसा गेला? चौथ्या प्रश्नात, दिलेल्या शब्दांतून अनकाउंटेबल नाउन्स ओळखा असं होतं, तिथे बहुतेक मुलांनी पार माती केली आहे.

सहज विचारतो, तू त्या खोलीत झोपायचीस तेव्हा टेबलाचा डावा खण उघडला होतास का? किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते. परवा मी खण ओढला तर आतलं जरा हलल्यासारखं वाटलं. विशेष काही नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा
खडू


८ नोव्हेंबर

चि. खडूस,
अ. उ. आ.

बघ, एवढा हेडमास्तर झालास तरी तुझ्या नावापुढे स लावताना मला हसू येतंच. चोरून खडू खायचास म्हणून नाव पडलं खडू, आणि मी चिठ्ठीवर चि. खडूस लिहिलं की अक्का मला खडूस म्हणते म्हणून घरभर भोकाड पसरायचास. तेव्हा नव्हतास. आता थोडा झालायस.

कानाचं यंत्र बरं आहे. मी हसले की शिट्टी मारतं, म्हणून मुलं मला मुद्दाम हसवतात. आता मला गल्लीतली भांडणं पूर्ण ऐकू येतात, पण ती ऐकण्यासारखी नव्हती हेही कळलं.

पेपर तू काढलास? कमाल आहे! आणि तोंडातून अक्षर नाही! अरे, माझी मुलं पेपर देऊन नाचत आली. चौथा प्रश्न तर त्यांच्या हातचा मळ. वर्षभर त्याच्यावरच घासलंय मी त्यांना. आपण मराठीत एक बातमी, दोन बातम्या म्हणतो, दहा जण दहा सल्ले देतात, त्यामुळे पोरं इंग्रजीतही न्यूज आणि अ‍ॅडव्हाइस मोजायला बसतात आणि तिथेच आपटतात. माझी नाही आपटत. सगळ्यात हुशार आमची टिकली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची मुलगी. बाप म्हणतो, शिष्यवृत्ती मिळाली तर मोठ्या शाळेत जाईल, नाही मिळाली तर उद्यापासून इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहील. त्याचंही चूक म्हणवत नाही, त्याचा हात दुखतो. पण माझा जीव त्या निकालात अडकलाय हे खरं.

हो, खण उघडला होता. यंत्राच्या सेलचं पाकीट दातांनी फाटेना म्हणून कात्री शोधत होते. किल्ली कशाला लागतेय, खण चांगला वीतभर बाहेर होता. कागदांच्या खाली कात्री सापडली, काम झालं, परत ठेवली. तू मात्र जन्मात कधी काही सहज विचारलेलं नाहीस. चहात साखर कमी का हे विचारायचं तरी आधी पावसापाण्याचं बोलून घेतोस. तेव्हा काय झालंय ते सरळ लिही.

माया आहेच, पण आडवळणाने विचारलंस तर कमी करीन.

तुझी
अक्का


१३ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सरळ लिही म्हणालीस, सरळ लिहितो.

माझ्याबरोबर पेपर तपासायला दुसऱ्या शाळेचे एक सर आहेत. भिंग लावून वाचतात म्हणून त्यांना सगळे भिंगवाले म्हणतात. त्यांच्या नजरेतून स्वल्पविरामसुद्धा सुटत नाही. तुझ्या अकराही मुलांच्या पेपरांत चौथ्या प्रश्नात पेन्सिलीने बारीक चित्रं आहेत. राइस, मिल्क, सँड यांच्यापुढे वाटी. न्यूज, अ‍ॅडव्हाइस, म्युझिक यांच्यापुढे कान. आणि फर्निचरपुढे वाटी, त्या वाटीला खाली दोन चाकं. बाकी शेकडो मुलांत एकाच्याही पेपरात असलं काही नाही.

आता ऐक. मी उत्तरं लिहून त्या डाव्या खणात ठेवली होती. त्या कागदावर मी माझ्या सवयीने हीच चित्रं काढलेली आहेत. तीच वाटी, तोच कान, फर्निचरपुढे तीच दोन चाकं. भिंगवाल्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, भिंग खाली ठेवलं आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले. पाणी मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही. मागितलं असतं तर त्यांना वाटलं असतं घसा कोरडा पडला.

वाटी कुणालाही सुचेल असं धरून चालू. कानही सुचेल. पण चाकं, अक्का? वाटीला चाकं कुणाला सुचतील? तू स्वतः लिहितेस की खण उघडलास आणि कागदांखाली हात घातलास. खण उघडा होता म्हणतेस, पण मी तो कधीच उघडा ठेवत नाही, हे हिला विचार. कात्रीही म्हणे तिथे होती. माझी कात्री कपाटात असते.

मोह होतो माणसाला. स्वतःसाठी नसेल केलंस, त्या इस्त्रीवाल्याच्या मुलीच्या कळवळ्याने केलं असशील. घरातल्या घरात मला सांगून टाक, मी कसंतरी निस्तरतो. नाहीतर समितीपुढे जायची पाळी येईल, आणि तिथे माझंच नाव आधी निघेल. भावाने बहिणीला पेपर दिला असंच लोक म्हणणार.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा
खडू


१७ नोव्हेंबर

रा. रा. हेडमास्तर यांस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहीत नाही. मोह होतो माणसाला, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटी यंत्र काढून ठेवलं. पण पत्र काही कानाने वाचायचं नसतं, त्यामुळे उपयोग झाला नाही.

तुला खरंच आठवत नाही का रे? मागचं दार, तिथला उलटा खोका, त्यावर तू. आई कामावर गेलेली. मी भाजी चिरत तुझा इंग्रजीचा अभ्यास घ्यायची. तू मिल्कला एक मिल्क दोन मिल्क्स म्हणायचास आणि मी कपाळाला हात लावायची. शेवटी मी युक्ती काढली. दुकानातून अमुक आण म्हणायचं, आणि ते आणायला तू भांडं उचललंस तर तो शब्द मोजायचा नाही, तिथे वाटी काढायची. अंडी आणायलाही भांडं घ्यायचास तू लबाड, म्हणून आधी बोटाने मोजून बघायचं, बोटाला एकेक करून मोजता आलं नाही तरच वाटी, असा नियम केला. मग न्यूजवर अडलास. मी तुझा कान ओढला आणि सांगितलं, आपल्याकडे ही मोजतात, त्यांच्याकडे नुसती ऐकतात. म्हणून कान. गोष्ट हा शब्द कानाचा असूनही मोजता येतो म्हणून तू माझ्याशी किती वेळ भांडला होतास!

आणि फर्निचर. त्याला पुरेल असं भांडं घरात नव्हतं. तू खोक्यावर बसून राहिलास, जेवायलासुद्धा उठेनास. तेवढ्यात समोरचे लोक घर बदलून चालले होते, त्यांची कपाटं हातगाडीवर चढत होती. तू ओरडलास की हे बघ भांडं, आणि वाटीला दोन चाकं काढलीस. चाकं कुणाला सुचतील म्हणून विचारतोस? तुला सुचली होती, खडू. मी मुलांना ती तुझ्या नावावर शिकवते. माझ्या भावाने शोधलेली गाडी म्हणून सांगते, आणि मोठा हेडमास्तर आहे हेही वर जोडते.

आता तू म्हणशील की चाकांचं मी पत्रात लिहिलं आणि अक्काने त्याला गोष्ट चिकटवली. तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून एक कर. वाटी आणि कान यांच्याशिवाय तिसरी एक खूण होती. ज्या गोष्टी भांड्यात मावत नाहीत आणि कानानेही येत नाहीत, त्यांच्यासाठी. तुझ्या पेपरात तसला शब्द नव्हता. ती खूण कोणती हे मी मुद्दाम लिहीत नाही. माझ्या मुलांना पुन्हा बसवा. पेपर तू काढू नकोस, तुझ्या भिंगवाल्यांना काढू दे. मी गावाबाहेर जाऊन बसते हवं तर. मग बघ काय निघतं ते.

कळवायचं ते कळवलं.

अक्का


२२ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सा. न.

पत्र मिळालं. गोष्ट चांगली जमली आहे. जरा जास्तच चांगली जमली आहे, हेच मला खटकतं. चाकांचं मीच तुला कळवलं होतं, हे तू स्वतःच कबूल करतेस. खोका आठवतो, भाजी आठवते. पण वाटी आणि कान मला आमच्या काळ्या कोटवाल्या इंग्रजीच्या सरांनी शिकवले. फळ्यावर काढून दाखवायचे ते. दर वर्षी शाळेच्या समारंभात मी हे भाषणात सांगतो. सगळ्या शाळेला पाठ आहे. एवढी वर्षं मी खोटं सांगत आलो असं तुझं म्हणणं आहे का?

समितीला मी सगळं स्वतः सांगितलं. लपवलं असतं तर जास्त अंगाशी आलं असतं. तुझ्या मुलांचा निकाल राखून ठेवलाय. फेरपरीक्षेला ते तयार झाले. पेपर भिंगवाले काढणार, त्यांच्याच कपाटात ठेवणार, त्यांच्याच कुलपात. मला त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी आहे. माझ्याच शाळेत मला बाकावर बसवून ठेवणार, बाहेर, व्हरांड्यात.

तिसऱ्या खुणेचं म्हणशील तर मला काही आठवत नाही. ती नसावीच असं वाटतं. आणखी एक, रागावू नकोस, भिंगवाल्यांची मेहुणी तुमच्याच गल्लीत राहते असं ही म्हणाली. तुझी आणि तिची ओळख आहे का? असेल तर तसं आधीच सांगितलेलं बरं.

प्रकृतीला जप.

खडू


२४ नोव्हेंबर

ती. वन्संस,
शि. सा. न.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. दुपारी हे शाळेत असतात तेवढाच वेळ. वाचून ठेवून द्या, उत्तरात उल्लेख करू नका, कारण हल्ली तुमचं पत्र आलं की हे आधी पाकिटाचा डिंक बघतात.

घरात नुसता संशय भरलाय. हे रोज खण उघडतात, बंद करतात, वीतभर ओढून बघतात, मला त्या खोलीच्या दारात उभं करून विचारतात की इथून काय दिसतं. परवा स्वतः पलंगावर आडवे झाले आणि तुम्हाला झोपल्या झोपल्या काय दिसलं असेल ते पाहत होते. शाळेत कुणी नीट बोलत नाही म्हणे. शिपायाने नमस्कार केला तरी ह्यांना वाटतं, यानेही ऐकलंय.

मी कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. खण मीच उघडा ठेवला होता. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी उशीच्या अभ्र्याचे धागे कापायला मी ह्यांची कात्री घेतली, सुई शोधायला किल्लीने खणही उघडला आणि घाईत कात्री त्यातच कागदांखाली सरकवली, खण पूर्ण लोटलाच नाही. आता सांगायला गेले तर हे म्हणतील मी तुम्हाला सामील आहे. धीर होत नाही.

आणि वन्सं, खोटं कशाला बोलू, मलाही एकदा वाटून गेलं. तुम्ही त्या दिवशी खणाशी वाकला होतात ते मी दारातून पाहिलं होतं. तुम्ही दचकलात. कान कमी म्हणून दचकलात हे आता कळतं, पण तेव्हा मनात आलं ते आलं. तुम्ही तसलं काही केलेलं नाही ना? एकदाच विचारते, परत विचारणार नाही.

मोठं मन करून राग सोडा.

आपली
धाकटी भावजय


२९ नोव्हेंबर

चि. खडू यास,

भिंगवाल्यांच्या मेहुणीला मी ओळखते. तिची मांजर माझ्या ओट्यावर येते आणि मी तिला हाकलते. एवढीच ओळख. मांजरीकडून पेपर फुटला असेल तर समितीला कळव.

इकडची खबर ऐक. बातमी फुटायला किती वेळ लागतो? चौकातल्या गॅरंटी क्लासवाल्याने पाटीच लावली, आमच्याकडे प्रामाणिक शिक्षण मिळेल. प्रामाणिक हा शब्द लाल रंगात. अकरातले सहा जण त्याच्याकडे गेले. एकाच्या आईने मला विचारलं की आधी पेपर मिळाला होता तर तिचा मुलगा मार्क कमीच पडतील असं का म्हणतो. या बाईला काय उत्तर देऊ?

पण खरं दुखलं ते वेगळंच. तुझी पत्रं वाचून वाचून माझंही डोकं फिरलं. वाटायला लागलं की मी नाही तर मग कुणी? माझ्या मागे मुलांपैकीच कुणाला काही मिळालं असेल का? काल टिकलीला एकटीला थांबवलं आणि विचारलं, परीक्षेच्या आधी तुला कुणी कागद दाखवला होता का. तिने वह्या गोळा केल्या, दप्तर खांद्याला लावलं आणि गेली. आज आली नाही. बापाकडे निरोप पाठवला तर म्हणाला, पोरगी म्हणते मला परीक्षा नको. तू मला जे केलंस तेच मी तिला केलं. हे तुला सांगताना लाज वाटते आणि तुझ्यावरचा रागही वाढतो.

फेरपरीक्षेला ती आली नाही तर काहीही सिद्ध होऊन मला उपयोग नाही. मी तिच्या घरी जाऊन दारात उभी राहणार आहे. तिने दार उघडलं नाही तरी बाहेरून तिची माफी मागणार आहे. माझा आवाज मोठा आहे, ऐकू जाईल.

तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग. तिचा काही दोष नाही, आणि तिने एकदा विचारलं होतं त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, तिला कळेल.

अक्का


१० डिसेंबर

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फेरपरीक्षा झाली. मी व्हरांड्यात बाकावर होतो. मुलं एकेक करून आली. सगळी आली, गॅरंटीकडे गेलेलीही आली. टिकली शेवटी आली. कडक इस्त्रीचा फ्रॉक, मागे बाप. बाप माझ्याच बाकावर टेकला आणि मी कोण हे माहीत नसल्यामुळे मला सांगत बसला की बाईंनी दारात उभं राहून पोरीची माफी मागितली, अख्ख्या चाळीने ऐकलं, एवढ्या मोठ्या बाईने माफी मागितल्यावर ही न येऊन कसं चालेल. मी मान खाली घालून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

पेपर भिंगवाल्यांनीच तपासले. संध्याकाळी मला आत बोलावलं. समितीचे दोघे बसले होते. चौथा प्रश्न पुढ्यात ठेवला. भिंगवाल्यांनी मुद्दाम अवघड शब्द टाकले होते. सॉइल, डस्ट यांच्यापुढे मुलांनी वाटी काढली होती, लगेजपुढे चाकांची वाटी. इथपर्यंत मी घट्ट होतो. म्हटलं, एकदा शिकवलेलं आहे, तेच काढणार. पुढे करेज, पेशन्स, ऑनेस्टी असे शब्द होते. त्यांच्यापुढे एक गोल, आणि गोलाच्या मध्ये टिंब. सगळ्यांच्या पेपरात. भिंगवाले म्हणाले, हे काही कळत नाही, मुलांनी स्वतःला शून्य दिलंय की काय, तुमच्या उत्तरांच्या कागदावर तर हे नव्हतं.

अक्का, माझा हात आपोआप पोटावर गेला. सदऱ्यावरून बेंबीवर. तिघेही बघत होते.

चौथीच्या परीक्षेच्या सकाळी मी दाराची चौकट धरून बसलो होतो. जाणार नाही म्हणून. भीती वाटते म्हणत होतो. तू विचारलंस भीती कुठे आहे, दाखव. मी म्हटलं पोटात. तू बेंबीत बोट खुपसलंस आणि म्हणालीस, तिच्या शेजारीच धीर ठेवलाय बघ, हीही मोजता येत नाही आणि तोही नाही, तेव्हा कुणाकडे किती हे कुणालाच कळत नाही, जा बिनधास्त. मी हसलो. तू पेन्सिलीने माझ्या हातावर गोल काढून मध्ये टिंब दिलंस. हे सगळं मला त्या खोलीत, त्या तिघांसमोर आठवलं. खोका, हातगाडी, तुझा भाजीचा वास येणारा हात. काळ्या कोटवाल्या सरांनी कधी फळ्यावर वाटी काढली नव्हती. मीच त्यांच्या वर्गात वहीत काढली होती आणि त्यांनी पाठ थोपटली होती. तेवढी थाप लक्षात राहिली आणि शिकवणारी विसरलो.

मी तिथेच सगळं सांगितलं. भिंगवाल्यांनी भिंग पुसलं आणि म्हणाले की बहिणीचा पत्ता द्या, आमच्या शाळेतल्या मुलांनाही हे शिकवायचं आहे. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

निकाल जाहीर होतोय. टिकलीला शिष्यवृत्ती मिळाली. तुझ्या आणखी दोघांनाही. समिती तुझ्या मुलांच्या पालकांना तसं लेखी कळवणार आहे, आणि त्या पाटीवाल्याला मी स्वतः भेटणार आहे. यंदाच्या समारंभात ते भाषण मी बदलणार आहे. खण उघडा ठेवल्याचं हिनेही काल सांगितलं. भीतभीत सांगितलं. माझ्याच घरात माणसं मला सांगायला भितात, हे मला फार लागलं.

तुझ्याकडे येऊन बोलायचं धाडस होत नाही, म्हणून आधी पत्र. तू उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

तुझाच
खडू


१५ डिसेंबर

चि. खडूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. ते उत्तम हा शब्द लिहायच्या आधी थोडी थांबले होते, हे तुला कळलेलं बरं.

तुझं पत्र मुलांना वाचून दाखवलं. रडल्याचा भाग गाळला, हेडमास्तरांची अब्रू म्हणून. बेंबीवर हात गेला तिथे मुलं इतकी हसली की माझं यंत्र शिट्ट्या मारत सुटलं. टिकली हसली नाही. तिने विचारलं की तुमच्या भावाला एवढी सोपी खूण कशी आठवली नाही. मी सांगितलं, तो खूप शिकला ना, म्हणून. मग ती हसली.

तिचं सामान बांधणं चाललंय. बापाने तिचे सगळे कपडे इतके कडक केलेत की पेटीत घडी बसत नाही. काल निरोप घ्यायला येऊन ती माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी तिला आधीच सांगितलं, मी तुला तो प्रश्न विचारला होता हे विसरू नकोस, मी विसरणार नाही. ती म्हणाली, मला कळलं होतं बाई, तुम्हाला कुणीतरी आधी विचारलं असणार. एवढीशी पोर! मी आत जाऊन तोंड धुतलं.

क्लास पुन्हा भरलाय. त्या बाईचा मुलगाही आला, मार्क अजून कमीच आहेत. पाटीवाल्याने पाटीवरचा प्रामाणिक तेवढा खोडला, बाकीची तशीच ठेवली. त्याला भेटायला जाऊ नकोस, मजा जाईल.

माझा राग गेला का म्हणून तू विचारलं नाहीस, ते बरं केलंस. आहे अजून. कुठे आहे ते तुला माहीत आहे, आणि किती आहे ते मलाही सांगता यायचं नाही. पण त्याच्या शेजारी आणखीही काही आहे, ते तुझ्या जन्मापासूनचं आहे आणि ते हलत नाही. ये तू. भावजयीला घेऊन ये, आणि तिला ती कात्री बरोबर आणू देऊ नकोस.

येईपर्यंत लोभ धरून ठेवते.

तुझी
अक्का

ता. क. तुला पुढच्या खोलीतच झोपावं लागेल, मुलांच्या फळ्याखाली. तिथे माझं टेबल आहे. पुढच्या परीक्षेचे सगळे कागद डाव्या खणात असतात आणि त्याला कुलूप नाही. सहज सांगते.